दोनशे सातचा खिळा

सिंधूताईंच्या घरी पाहुणा आला आणि भिंत विटकी दिसली, असं आजवर कधी झालं नव्हतं. नागपूरला इंदोऱ्यात मुलाकडे राहायला आल्यावरही त्यांचा नेम सुटला नाही. सुनेच्या माहेरचे यायचे म्हटलं की कपाटावरचा ब्रश खाली उतरायचा. मुलगा रवींद्र म्हणायचा, आई, लोक चहा प्यायले येऊन राहिले, घर विकत घ्यायले नाही. सिंधूताई ऐकून घ्यायच्या आणि रंगाचा डबा उघडायच्या. त्यामुळे पुढे जे झालं त्यात थोडा दोष नंदिनीचाही होता. समोर कोण आहे हे पाहून माणसानं बोलावं की नाही?

नंदिनी ही रामदासपेठेतली आर्किटेक्ट, जुन्या इमारती जतन करणारी. मुलगी हुशार, कामाची, पण बोलणं तोकडं. तिनं फोनवर एवढंच सांगितलं की वारसा समिती येत्या रविवारी काळीटेकडीचं हजेरीघर पाहायला येणार आहे, तेव्हा आजी, जरा नीटनेटकं करून ठेवा. तिच्या मनात झाडू होता. सिंधूताईंनी फोन ठेवला, सुनेला पिशवी भरायला लावली आणि दुपारच्या एसटीनं निघाल्या.

काळीटेकडी म्हणजे रामटेकच्या पलीकडची मँगनीजची खाण. फाट्यावर उतरायचं, ऑटो मिळाला तर ठीक, नाहीतर सागाच्या जंगलातून पायी. इंग्रज कंपनीनं तिथे बऱ्याच इमारती बांधल्या होत्या. त्यातला मॅनेजरचा बंगला, क्लब आणि दगडी दवाखाना मागच्या वर्षी वारसा यादीत गेले. साहेब जिथे झोपला, जिथे प्यायला आणि जिथे त्याचा ताप उतरला, तो सगळा वारसा ठरला. कामगार जिथे रोज हजेरी लावायचे, ते विटांचं, पत्र्याच्या छपराचं हजेरीघर मात्र 'साधी शेड' म्हणून बाजूला पडलं. आणि डंपरचा नवा रस्ता आखला गेला तो नेमका त्याच्या अंगावरून. आताच्या मॅनेजरनं आडपडदा ठेवला नव्हता. यादीत नाव आलं तर रस्ता वळवू, नाही आलं तर पावसाळ्याआधी पाडू, असं त्यानं खाण कामगारांच्या साऱ्या कॉलनीसमोर सांगितलं होतं. म्हणून सिंधूताईंच्या आग्रहानं नंदिनीनं पुन्हा अर्ज केला होता, आणि म्हणून हा रविवार आला होता.

हजेरीघरात पाहण्यासारखं काय होतं? एक खिडकी, आणि खिडकीच्या आत भिंतीला टेकलेला सागवानी फळा. फळ्यावर खिळ्यांच्या ओळी, प्रत्येक खिळ्याखाली आकडा. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाचा पितळी बिल्ला तिथे लटकायचा. खाली जाताना हजेरीबाबू तो काढून हाती द्यायचा, माणूस वर आला की परत घेऊन खिळ्याला अडकवायचा. पाळी सुटायच्या वेळी बायका खिडकीबाहेर उभ्या राहायच्या आणि माणसांची तोंडं पाहायच्या आधी फळा पाहायच्या. बिल्ला लागला म्हणजे माणूस वर आला. आणि जो वर यायचाच नाही, त्याचा आकडा पुन्हा कोणाला द्यायचा नाही, त्याचा खिळा रिकामाच ठेवायचा, ही काळीटेकडीची रीत होती. ती कोणी लिहून ठेवली नव्हती, पण एकाही मॅनेजरची ती मोडायची हिंमत झाली नाही.

दोनशे सात हा सिंधूताईंच्या नवऱ्याचा आकडा. दयाराम त्याचं नाव. ज्या दिवशी खाली खाणीचं छत कोसळलं, त्या दिवशी सिंधूताई खिडकीशी उभ्या होत्या, पोटाशी तान्हा रवींद्र होता. दोनशे सहा लागला. दोनशे आठ लागला. दोनशे आठ म्हणजे वामनराव, दयारामचा जोडीदार, दोघं खाली एकाच जागी काम करायचे. त्या दिवशी वामनरावांनी बिल्ला दिला तो खिडकीकडे न पाहता. पुढे सिंधूताईंना दयारामच्या जागी खाणीत वरचं काम लागलं, खनिज निवडायचं, आणि निवृत्त होईस्तोवर त्या रोज त्या खिडकीवरून गेल्या. वामनरावांनाही तिथूनच जावं लागे. सिंधूताई जवळपास दिसल्या तर ते आपला बिल्ला मुठीत झाकून खिडकीत द्यायचे, जणू वर आलो हाच गुन्हा. सिंधूताईंनी त्यांना कधी एका शब्दानं दोष दिला नव्हता. पण ती मूठ काही उघडली नाही.

आता अंगठ्याचं यंत्र आलं होतं, बिल्ले ज्याचे त्याला घरी मिळाले होते आणि हजेरीघराला कुलूप होतं. हे घर पाडलं तर दयारामचं जगात काय उरणार होतं? फोटोसुद्धा एकच होता, तोही लग्नाच्या गर्दीतला. तो एक रिकामा खिळा होता, बस. तेवढ्यासाठी सिंधूताई कोणाशीही भांडायला तयार होत्या.

तर अशी ही बाई काळीटेकडीला उतरली, वामनरावांच्या घरी पिशवी टाकली आणि त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी पुढे केलेला चहा उभ्यानंच संपवून हजेरीघराचं कुलूप उघडायला लावलं. आतला अवतार पाहून त्यांना लाज वाटली. पोपडे, जाळी, गंजलेले खिळे, चुन्याचे थरावर थर. नागपूरचे मोठे लोक येणार आणि त्यांना हे दाखवायचं? त्यांनी कॉलनी गोळा केली. वामनराव जुने टिंबर मिस्त्री, म्हणजे खाणीत छताला लाकडी टेकू देणाऱ्यांचे मुकादम, आणि सल्ला द्यायला सदा तयार. दोघांनी मिळून कामाचा जो धडाका लावला, तो पाहून कॉलनीतले पोट्टे सुद्धा दबून गेले. वर्गणी झाली, श्रमदान झालं. भिंतींना आकाशी डिस्टेंपर लागला. खाली कंबरेएवढ्या पांढऱ्या टाइल्स बसल्या, मोगऱ्याच्या फुलांच्या. दारावर 'सुस्वागतम्' आलं. छपराला चंदेरी रंग गेला, तो दुपारी असा चमकायचा की फाट्यावरून दिसावा.

फळ्याचं काय करायचं, यावर दोघांचं वाजलं. सिंधूताईंचं म्हणणं, एवढ्या झकास भिंतीवर गंजके खिळे शोभणार नाहीत. फळ्याला घासून पॉलिश मारू आणि पितळी हूक लावू, मी स्वतः इतवारीतून निवडून आणते. वामनराव कुरकुरले, खिळे खिळे असतात वयनी, म्हणाले. पण सिंधूताईंपुढे कोणाचं चालतं? त्या हूक आणायला नागपूरला गेल्या, आणि त्या परत यायच्या आत वामनरावांनी खिळे उपटून फळा मनसरच्या रस्त्यावरच्या सुताराकडे धाडला होता.

शनिवारी सकाळी नंदिनी गाडी घेऊन आली. उद्याची तयारी एकदा पाहून जावी, एवढाच तिचा विचार. ती दारात थांबली. आत गेली. टाइल्सवरून हात फिरवला. मग बाहेर येऊन पायरीवर बसली. सिंधूताईंना वाटलं पोरीला भरून आलं. त्यांनी कौतुक ऐकायला पदर सावरला, आणि नंदिनीनं डोकं धरलं.

मग तिनं हळूहळू सांगितलं. समितीला चकाचक नको असतं. जे जसं होतं तसं उरलंय का, हेच ते पाहतात. तोच चुना, तीच वीट, तोच फळा. हे आत्ता जे झालंय, ते पाहून ते दारातूनच परत जातील आणि कागदावर लिहितील की मूळ काही शिल्लक नाही. आपणच नीट सांगितलं नाही, हेही तिनं कबूल केलं.

 आपल्याच हातानं, आपल्याच ब्रशनं, आपण त्या माणसाला दुसऱ्यांदा गाडलं, असं सिंधूताईंच्या मनात आलं. पण हे सगळं किती वेळ? एक माणूस तोंडावर पाणी मारून येईल तेवढा. सिंधूताई रडून मोकळ्या होणाऱ्यांतल्या असत्या, तर तान्हं पोर कडेवर घेऊन त्यांनी आयुष्य काढलंच नसतं.

"लावलं आपण, तं काढू आपण," त्या म्हणाल्या. "काहून बसली वं पोरी? ऊठ. काय राहू द्याचं अन् काय काढाचं, तेवढं तू सांग."

नंदिनीनं सांगितलं आणि सारी कॉलनी पुन्हा जमली, या वेळी उलट्या कामाला. डिस्टेंपर पाण्याचाच होता, ओल्या पोत्यानं चोळला तसा उतरू लागला आणि खालचा चुना जसाच्या तसा निघाला. टाइल्सखालचं सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं. वर्गणी देणाऱ्यांनीच आपल्या वर्गणीच्या टाइल्स छिन्नीनं उचकटल्या, आणि कौशल्याबाईंनी त्यातल्या धड धड टाइल्स आपल्या न्हाणीसाठी बाजूला लावल्या. 'सुस्वागतम्' उतरलं. छपराच्या चंदेरी रंगाचं काही करता येण्यासारखं नव्हतं, तो तसाच राहिला. फळा मात्र सुताराकडे होता, आणि त्यालाच तर समिती पाहणार होती.

नंदिनीच्या गाडीत सिंधूताई पुढे बसल्या, वामनराव मागे. वाटेत कोणी फारसं बोललं नाही. सुताराचं नाव दुर्गेश. ते पोचले तेव्हा तो घासायच्या यंत्राला नवा कागद लावत होता. फळ्याची सगळ्यात वरची ओळ रंधून, घासून झाली होती. लाकूड तिथे नव्यासारखं पिवळं पडलं होतं, आकड्यांचा मागमूस नव्हता. दुसऱ्या ओळीला तो आता हात घालणारच होता. सिंधूताईंनी यंत्राची वायर भिंतीतून उपटली आणि मग त्याला नमस्कार केला. बिचाऱ्या दुर्गेशला कळेना की आपलं चुकलं काय. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मग सिंधूताई फळ्याजवळ गेल्या. आयुष्यभर त्यांनी तो खिडकीतून पाहिला होता, हजेरीबाबूच्या खांद्यावरून. बायकांना आत जायची सोय नव्हती. गेल्या आठवडाभरातही त्यांनी भिंती पाहिल्या, टाइल्स पाहिल्या, फळा नीट पाहिलाच नाही. त्यांनी आज पहिल्यांदा त्याला हात लावला. प्रत्येक खिळ्याच्या भोकाखाली लाकडात एक खोलगट घळ होती, अर्ध्या चंद्रासारखी. बिल्ला अडकवला की तो झुलायचा, झुलता झुलता लाकूड घासायचा. रोज थोडं, वर्षानुवर्षं. दोनशे आठखाली बोटाचं टोक रुतेल एवढं खोल झालं होतं. दोनशे सहाखालीही तेवढंच. मधे दोनशे सात. तिथे लाकूड जेमतेम खरवडलं होतं, नखाला लागेल न लागेल इतकं.

सिंधूताईंनी तिथे बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं. तो किती दिवस खाली गेला आणि किती दिवस वर आला, ते सगळं त्या बोटाखाली होतं. केवढंसं ते.  हे आपण घासून टाकणार होतो, पॉलिश मारून.

"खिळे कुठं आहेत, भाऊ?" त्यांनी विचारलं. "भंगारात देले?"

वामनराव गाडीतून एक थर्माकोलची पाटी घेऊन आले. तिच्यावर खिळे टोचलेले होते, फळ्यावर होते त्याच ओळींत, त्याच क्रमानं, आणि प्रत्येकाशेजारी खडूनं आकडा. खाणीतला एखादा भाग सोडून द्यायचा असला की त्याचे टेकू काढून घेतात, तेव्हा प्रत्येक टेकूवर खडूनं आकडा टाकतात आणि काढल्या क्रमानं वर रचतात, खाली कुठला उरला ते कळावं म्हणून. वामनरावांनी जन्मभर तेच केलं होतं. खिळेही त्यांनी तसेच काढले, सवयीनं. दुसरी रीत त्यांना येतच नव्हती. आता यात शहाणपण किती आणि सवय किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण सिंधूताईंनी त्या दिवशी वामनरावांकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिची त्यांना सवय नव्हती. 

फळा परत आला. वामनरावांनी प्रत्येक खिळा त्याच्या त्याच्या भोकात बसवला. रोजच्या वजनानं कामाचे खिळे खाली झुकलेले होते, रिकामे राहिलेले सरळसोट होते. ते कोणते हे आकडा न वाचताही कळत होतं. इतवारीचे पितळी हूक सिंधूताईंच्या पिशवीतच राहिले.

रविवारी समिती आली. अध्यक्ष उंच, सावकाश चालणारे, कमी बोलणारे. त्यांनी आधी छप्पर पाहिलं आणि भुवया उंचावल्या. मग भिंती पाहिल्या, खिडकी पाहिली. नंदिनी विटांबद्दल, छपराखालच्या कैच्यांबद्दल बोलत होती आणि ते मान हलवत होते, पण तो होकार नव्हता. अशा शेडा जिल्ह्यात पुष्कळ आहेत, असं ते शेवटी म्हणाले. बंगल्याची गोष्ट वेगळी होती.

नंदिनीच्या तोंडचं पाणी पळालं. सिंधूताई पुढे झाल्या.

"साहेब, इकडं या. बोट द्या तुमचं." अध्यक्षांनी भांबावून बोट पुढे केलं. सिंधूताईंनी ते धरून दोनशे आठखालच्या घळीत ठेवलं. "हे वामनराव. जन्मभर रोज खाली गेले, रोज वर आले." मग तेच बोट शेजारी नेलं. "अन् हा माहा माणूस. ज्या दिवशी तो वर नाही आला, त्या दिवसापासून लाकूड घासणं थांबलं. बंगल्यात असं आहे का काही?"

अध्यक्ष बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग त्यांनी स्वतःच रिकामे खिळे शोधायला सुरुवात केली. हा, हा, आणि हा. प्रत्येकाखाली हात लावून पाहिला, कोणाची घळ किती खोल ते. वरच्या ओळीशी आले आणि थबकले. इथे काहीच कसं नाही, त्यांनी विचारलं. 

"ते मीनं केलं," सिंधूताई म्हणाल्या. "तुम्ही पाहुणे येणार म्हणून घासाले देलं. रंगही लावला होता, टाइल्सही लावल्या होत्या, काल काढल्या. छपराचा रंग राहून गेला. त्या ओळीतल्या माणसायची मीनं काल माफी मागितली. तुमची नाही मागत."

अध्यक्ष पहिल्यांदा हसले. आमच्यासाठी आजवर कोणी इमारत रंगवली नव्हती, म्हणाले. जाताना आश्वासन काही दिलं नाही. गाडीत बसता बसता मात्र वळून बजावून गेले की फळ्याला आता कोणीही, कशानंही, पुसायचं सुद्धा नाही.

मे महिन्यात यादी जाहीर झाली. हजेरीघर तिच्यात होतं. सिंधूताईंनी बातमी ऐकली आणि रवींद्रला म्हणाल्या, मले माहीतच होतं. मग आत जाऊन लग्नाच्या गर्दीतल्या त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि त्यालाही तेच सांगितलं.

डंपरचा रस्ता वळला. दारावर निळी पाटी लागली त्या दिवशी कॉलनीत छोटा कार्यक्रम झाला. पाटीवरचा नियम नंदिनीनं वाचून दाखवला, मूळ स्वरूपात कोणताही बदल करण्यास मनाई आहे. रिकामे खिळे रिकामेच ठेवायचे, ही कॉलनीची जुनी रीत आता सरकारी हुकूम झाली होती. मॅनेजर साहेब झेंडूचा मोठा हार घेऊन फळ्यापाशी गेले. झुकलेल्या खिळ्यांवरून हार घसरला असता, म्हणून त्यांनी चांगला सरळ खिळा पाहिला. तो दोनशे सात होता.

सिंधूताई खिडकीबाहेर उभ्या होत्या, नेहमीच्या जागी. तिथूनच त्यांनी साहेबांना थांबवलं. त्याच्यावर काही लागत नाही साहेब, म्हणाल्या, आणि हार खिडकीतून बाहेर मागून घेतला. शेजारी वामनराव होते. त्यांनी तो हार वामनरावांच्या गळ्यात घातला.

जिवंत माणसाच्या गळ्यात फळ्याचा हार, लोक हसले. वामनरावांना हसू आलं नाही. त्यांचा हात खिशात होता.

"रोज वर आले तुम्ही, भाऊ," सिंधूताई म्हणाल्या. "त्यात लाजाचं काय? तुम्ही वर आले म्हणून तं तो कसा होता हे सांगाले कोणी राहिलं माह्या पोराले."

वामनरावांनी खिशातून बिल्ला काढला. या वेळी तो मुठीत नव्हता. उघड्या तळहातावर ठेवून त्यांनी तो सगळ्यांसमोरून, सिंधूताईंसमोरून आत नेला आणि आपल्या हातानं खिळ्याला अडकवला. नंदिनीनं नियमाची पाटी एकदा पाहिली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. बिल्ला झुलला, आपल्या घळीत दोनदा घासला आणि थांबला.

दोनशे आठ लागला. सिंधूताईंनी शेजारचा खिळा पाहिला. तो रिकामा होता, आणि आता त्याला कोणी हात लावणार नव्हतं.